परळच्या मूर्तिकारखान्यात प्राइम लेन्सची चाचणी

गेली अकरा वर्षे मी मुंबईत माहितीपट, संस्थांच्या फिल्म आणि मुलाखती चित्रित करते आहे, आणि या काळातले माझे बहुतेक काम २४-७० मिमीच्या एकाच झूम लेन्सवर झालेले आहे. त्या लेन्सबद्दल माझी तक्रार नाही. सभागृहातला कार्यक्रम असो की कारखान्याच्या मजल्यावरची धावपळ, हाताशी सगळ्या चौकटी असतात आणि लेन्स बदलण्यात क्षण निसटत नाही. परंतु या वर्षी परळच्या एका गणेशमूर्तींच्या कारखान्यावर छोटा माहितीपट करायचे ठरले, आणि जागा पाहायला गेले त्याच दिवशी लक्षात आले की इथे ही लेन्स पुरी पडणार नाही. म्हणून प्रत्यक्ष चित्रीकरणाच्या तीन आठवडे आधी, जुलैच्या भर पावसात, मी पाच सिने प्राइम लेन्सचा (म्हणजे चित्रपटासाठी बनवलेल्या, झूम नसलेल्या, एकच ठरलेली चौकट देणाऱ्या लेन्सचा) संच दोन दिवस भाड्याने घेतला आणि त्याच जागेत, त्याच उजेडात चाचणी केली. त्या दोन दिवसांत जे दिसले ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण लेन्स निवडताना आपण इंटरनेटवरच्या परदेशी चाचण्यांवर जितके विसंबून राहतो तितके राहू नये, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

कारखाना म्हणजे बांबूंच्या सांगाड्यावर ताणलेली ताडपत्री, खाली ओलसर जमीन, आणि दोन्ही बाजूंना सफेदा मारून ठेवलेल्या मूर्तींच्या रांगा. पावसाळ्यात बाजूचे पडदे खाली सोडलेले असतात, त्यामुळे भर दुपारीही आत संध्याकाळ असते. उजेड येतो तो ताडपत्रीतून गाळून आलेला निळसर, आणि कामाच्या जागेवर टांगलेल्या दोन-तीन ट्यूबचा. माझी झूम लेन्स एफ/२.८ वर (हा आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त) पूर्ण उघडली तरी कॅमेऱ्याचा आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, ३२०० च्या आसपास न्यावा लागत होता, आणि मूर्तींच्या मागच्या अंधारात बारीक रवा दिसू लागत होता. सेकंदाला पंचवीस फ्रेम असताना शटर १/५० सेकंदावर ठेवणे भाग होते, कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे आणि शटर त्याच्याशी जुळवून घेतले नाही तर ट्यूबचा उजेड पडद्यावर थरथरतो. म्हणजे शटरकडून प्रकाश वाढवायची सोय नव्हती.

संचात २४, ३५, ५०, ८५ आणि १३५ मिमीच्या लेन्स होत्या (हा मिमीचा आकडा म्हणजे फोकल लेंग्थ; तो जितका लहान तितकी चौकट रुंद). पहिल्या चार टी१.५ च्या आणि शेवटची टी२ ची. छायाचित्रणाच्या लेन्सवर एफ स्टॉप लिहिलेला असतो आणि सिने लेन्सवर टी स्टॉप, हा फरक नुसता नावाचा नाही. एफ स्टॉप हे गणित आहे: फोकल लेंग्थ भागिले समोरून दिसणाऱ्या छिद्राचा व्यास. त्यात काचांनी शोषलेला आणि परावर्तित होऊन वाया गेलेला प्रकाश धरलेला नसतो. टी स्टॉप मात्र लेन्समधून प्रत्यक्ष पार झालेला प्रकाश मोजून लिहितात, त्यामुळे ३५ काढून ८५ लावली आणि दोन्ही टी२.८ वर ठेवल्या, तर मूर्तीचा पांढरा रंग दोन्ही चौकटींत सारखाच उजळ येतो. टी१.५ आणि टी२.८ यांच्यात पावणेदोन स्टॉपांहून (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) थोडे अधिक अंतर आहे, म्हणजे सुमारे साडेतीन पट प्रकाश. पहिल्या दिवशी ५० मिमी टी१.५ वर उघडून मी आयएसओ ८०० वर आणला, तेव्हा मागच्या रांगेतल्या मूर्तींच्या सोंडांचे वळण अंधारातून स्वच्छ वर आले. त्या क्षणी मला खरोखर आनंद झाला.

तो आनंद तासभर टिकला. २४ मिमीची लेन्स लावून फोकस पुलरने (फोकस सांभाळणाऱ्या सहकाऱ्याने) टेपने अंतर मोजले, लेन्सवरच्या खुणेवर रिंग आणली, आणि मॉनिटरवर चित्र मऊ. अंतर पुन्हा मोजले, पुन्हा तेच. ८५ लावली तर खुणा बरोबर, ५० लावली तर जवळपास बरोबर, ३५ थोडी चुकलेली, आणि २४ पार बिघडलेली. लेन्ससोबत आलेल्या अटेंडंट दादांनी लेन्सच सदोष असल्याचे मान्य करून टाकले होते, पण दोष लेन्सचा नव्हता. लेन्स ईएफ माउंटच्या (माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडण्याची खाच) होत्या आणि माझा कॅमेरा ई माउंटचा, म्हणून मध्ये अडॅप्टर होता. ईएफ माउंटपासून सेन्सरपर्यंतचे अंतर ४४ मिमी असावे लागते आणि ई माउंटचे १८ मिमी, म्हणजे अडॅप्टरची जाडी अचूक २६ मिमी हवी. तो केसभर जाड असला तर काय होते याचे गणित मी रात्री घरी बसून मांडले. अडॅप्टर ०.०५ मिमी जाड असेल, तर ८५ मिमीची लेन्स अनंतावर ठेवली असता प्रत्यक्षात सुमारे १४५ मीटरवर फोकस होते, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. २४ मिमीची लेन्स मात्र त्याच चुकीमुळे साडेअकरा मीटरवर येऊन थांबते, आणि त्यापलीकडे जाऊच शकत नाही. लेन्स जितकी रुंद, तितकी तिच्या खुणांवर या चुकीची झळ जास्त. दुसऱ्या दिवशी दुसरा अडॅप्टर मागवला आणि चारही लेन्सच्या खुणा ताळ्यावर आल्या. हे चित्रीकरणाच्या दिवशी घडले असते तर सकाळची सगळी शिफ्ट त्यात गेली असती.

प्राइम लेन्सचा विषय निघाला की बोलणे लगेच धूसर पार्श्वभूमीवर येते. मला सर्वांत मोठा फरक जाणवला तो अंतराच्या बाबतीत. झूमवर काम करताना मी जिथे उभी असते तिथेच राहते आणि चौकट हाताने लहानमोठी करते. त्यात मी माणसापासून किती लांब आहे हा प्रश्न स्वतःला विचारायचाच राहून जातो. माणसाच्या चेहऱ्याची ठेवण पडद्यावर कशी दिसेल हे फोकल लेंग्थवर अवलंबून नसते, कॅमेरा आणि चेहरा यांच्यातल्या अंतरावर असते. लेन्स फक्त त्या अंतरावरून किती भाग कापून घ्यायचा ते ठरवते. हे मला पुस्तकी माहीत होते, पण कारखान्याच्या मालक-मूर्तिकार काकांचा चेहरा एकाच आकारात चार लेन्सवर घेतला तेव्हा ते डोळ्यांनी पटले. ८५ वर मी दोन मीटरवर होते. ५० वर तोच आकार मिळवण्यासाठी सव्वा मीटरच्या आत यावे लागले, ३५ वर ऐंशी-ब्याऐंशी सेंटीमीटरवर, आणि २४ वर तर जेमतेम ५६ सेंटीमीटरवर. नाकाचे टोक कानांपेक्षा साधारण १० सेंटीमीटर पुढे असते असे धरले, तर ५६ सेंटीमीटरवरून नाक कानांच्या तुलनेत सुमारे १८ टक्के मोठे दिसते, आणि दोन मीटरवरून अवघे ५ टक्के. काका शांत, गंभीर चेहऱ्याचे गृहस्थ आहेत. २४ वर ते उगाच उतावीळ वाटत होते. हा त्यांच्यावर अन्याय झाला असता.

उलट हातांचे काम घेताना जवळ गेल्याचा फायदा होतो. मूर्तीला घासकाम चालू असताना ३५ मिमी घेऊन मी मीटरभर अंतरावर बसले, तेव्हा पॉलिश पेपर धरलेला हात पुढे, त्यामागे मूर्तीचे पोट, आणि त्यामागे एकामागे एक सरकत गेलेल्या पन्नास-साठ पांढऱ्या मूर्ती, असे सगळे एका चौकटीत बसले. फुल फ्रेम सेन्सरवर ३५ मिमीचा आडवा कोन सुमारे ५४ अंशांचा असतो, ५० चा ४० आणि ८५ चा २४. सुपर ३५, म्हणजे फुल फ्रेमहून लहान, सेन्सर असेल तर याच लेन्स साधारण दीडपट लांब वाटतात, आणि ज्यांचा कॅमेरा तसा आहे त्यांनी माझ्या या अनुभवातल्या ३५ च्या जागी २४ धरावी. दोन रांगांमधली वाट जेमतेम दीड मीटरची असल्यामुळे १३५ मिमीला तिथे मोकळेपणाने उभे राहायलाच जागा नव्हती, आणि ती लेन्स दोन्ही दिवस पेटीत राहिली.

आता ज्या शॉटसाठी हा सगळा खटाटोप केला त्याबद्दल. मूर्तीच्या रंगकामात सर्वांत शेवटी होते ती डोळ्यांची आखणी. ती काका स्वतः करतात, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. चाचणीसाठी त्यांनी शाडूच्या घरगुती मूर्तीवर आखणी करून दाखवायचे कबूल केले. मी ८५ मिमी टी१.५ वर ठेवून सुमारे एक मीटरवरून चौकट लावली. काकांनी ब्रश काळ्या रंगात बुडवला, अंगठ्याच्या नखावर टोक फिरवून जादा रंग काढला, करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवली आणि श्वास रोखून वरच्या पापणीची रेघ ओढायला सुरुवात केली. मॉनिटरवर रेघ तीक्ष्ण दिसत होती, पण टेकलेली करंगळी धुक्यात गेली होती, आणि मूर्तीचा दुसरा डोळा, जो किंचित मागे वळलेला होता, तोही विरघळला होता. हिशेब साधा आहे: ८५ मिमी, टी१.५, अंतर एक मीटर, म्हणजे फोकसची जाडी (जितका पट्टा तीक्ष्ण दिसतो तो) फक्त ११ मिलिमीटरच्या आसपास. ज्या करंगळीच्या आधारावर ती रेघ सरळ येते ती करंगळीच दिसत नसेल, तर आखणीचे कसब प्रेक्षकाला कळणार कसे? चित्र सुंदर होते आणि त्यात गोष्ट नव्हती.

शिवाय मुकुटाच्या सोनेरी रंगाच्या कडांना फोकसच्या पुढे जांभळट आणि मागे हिरवट किनार दिसत होती. पूर्ण उघडलेल्या बहुतेक वेगवान, म्हणजे जास्त प्रकाश आत घेणाऱ्या, लेन्समध्ये हे कमीअधिक प्रमाणात होते, आणि गणपतीच्या मूर्तीवर सोनेरी काम इतके असते की इथे ते लपत नाही. मग मी लेन्स टी४ वर बंद केली. फोकसची जाडी तीन सेंटीमीटरच्या घरात आली, किनारी गेल्या, ब्रशचे केस, करंगळीचे नख आणि दोन्ही डोळे एकत्र दिसू लागले. टी१.५ वरून टी४ वर येताना प्रकाश मात्र सात पटींनी कमी होतो, म्हणून एक एलईडी दिवा सॉफ्टबॉक्समधून काकांच्या डाव्या बाजूने जवळ आणावा लागला. काकांनी एकदा वर पाहिले आणि म्हणाले, "पोरी, दिवा राहू दे, चांगला उजेड पडलाय. पण तुझी ती तोफ जरा मागं घे, हात टेकायला जागा नाही मला." मी वीस सेंटीमीटर मागे सरकले, आणि खरे सांगायचे तर चौकट त्यामुळे सुधारली, कारण त्यांचा खांदा आत आला.

टी४ वरच काम करायचे तर झूमने काय बिघडले असते, असा प्रश्न रास्त आहे. माझी झूम ७० मिमीवर संपते, म्हणजे तेवढाच डोळा भरायला मला आणखी पुढे, नेमके काकांच्या हाताच्या वाटेत, जावे लागले असते. दुसरे कारण फोकस रिंगचे. माझ्या झूमची रिंग इलेक्ट्रॉनिक आहे. ती किती फिरवली यापेक्षा किती वेगाने फिरवली यावर फोकस सरकतो, त्यामुळे एकदा लावलेली खूण दुसऱ्या वेळी खरी ठरत नाही. सिने लेन्सची रिंग दोन्ही टोकांना अडते, तिच्यावर दात असतात, फॉलो फोकस (रिंग फिरवणारे दातेरी चाक) त्यात बसतो, आणि ती भरपूर फिरते. झाइसच्या सीपी.३ लेन्समध्ये हे फिरणे ३०० अंशांचे आहे, सिग्माच्या सिने प्राइममध्ये १८० अंशांचे. ब्रशच्या टोकावरून काकांच्या डोळ्यांवर आणि परत, असा फोकस आम्ही सात वेळा ओढला आणि फोकस पुलरने सातही वेळा फॉलो फोकसच्या पांढऱ्या चकतीवरच्या पेन्सिलच्या दोन खुणांवर अचूक थांबवला. तिसरे कारण ब्रीदिंगचे. फोकस सरकताना अनेक छायाचित्रण लेन्समध्ये चौकटही किंचित आतबाहेर होते, जणू कॅमेरा श्वास घेतो आहे. स्थिर मूर्तीच्या शॉटमध्ये ते फार खटकते. या संचातल्या ८५ मध्ये ते बारकाईने पाहिल्याशिवाय कळले नाही.

रंगाची एकवाक्यता तपासायला तर या कारखान्याहून चांगली प्रयोगशाळा मला मिळाली नसती. सफेदा मारलेल्या मूर्तींची रांग म्हणजे शंभर पांढरे फलकच. मागे एका कामात मी दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लेन्स एकत्र वापरल्या होत्या आणि संकलनाच्या वेळी एकीतला पांढरा पिवळसर, दुसरीतला हिरवट निघाला होता. ते जुळवण्यात दोन रात्री गेल्या. इथे एकाच संचातल्या चार लेन्सने तीच रांग टिपली आणि पांढरा पांढराच राहिला. संच म्हणून लेन्स घेण्याचे हे कारण मला वेगापेक्षाही मोलाचे वाटते.

मुंबईत भाड्याने घेताना नावांचा गोंधळ उडतो, म्हणून थोडे त्याबद्दल. सीपी.३ हा झाइसचा संच २०१७ मध्ये आला. १५ पासून १३५ मिमीपर्यंत दहा लेन्स, सगळ्यांचा पुढचा व्यास ९५ मिमी, त्यामुळे मॅट बॉक्स (लेन्सपुढे लावायची फिल्टर आणि सावलीची पेटी) प्रत्येक वेळी बदलावा लागत नाही. मात्र त्यांचा वेग टी२.१ चा आहे, आणि रुंद तीन लेन्सचा टी२.९ चा. सिग्माच्या हाय स्पीड संचातल्या २० ते ८५ मिमीच्या लेन्स टी१.५ च्या आहेत. सॅमयांगचे झीन २०१५ मध्ये आले. वेग चांगला, पण पुढचा व्यास ११४ मिमी, म्हणजे अरुंद जागेत अंगाने मोठे. कुक एस४ ही वेगळीच दुनिया आहे. त्वचेला जी मऊ ऊब त्या देतात तिची वाखाणणी सगळे करतात आणि मीही करते, पण पीएल माउंट (मोठ्या सिने कॅमेऱ्यांची जोडणी), वजन आणि भाडे पाहता त्या माझ्या छोट्या माहितीपटाच्या आवाक्यात बसत नाहीत. नुसत्या वेगाच्या आकड्यावर संच निवडू नये, इतके मी या चाचणीनंतर निश्चित सांगेन. टी१.५ माझ्यासाठी अडीअडचणीला उपयोगी पडणारी शिल्लक आहे, रोजचा खर्च नव्हे.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या रांगेत कॉम्प्रेसर सुरू झाला आणि मुलांनी मूर्तींना अंगाचा रंग मारायला गन हातात घेतली. दहा मिनिटांत लेन्सवरच्या पारदर्शक फिल्टरवर गुलाबी बारीक ठिपके बसले. फिल्टर नसता तर ते भाड्याच्या लेन्सच्या पुढच्या काचेवर बसले असते. वातानुकूलित गाडीतून थेट ताडपत्रीखाली पेटी उघडली तेव्हा काचांवर वाफ धरली होती, म्हणून त्यानंतर पेटी बंद ठेवून अर्धा-पाऊण तास बाहेरच्या हवेत राहू दिली. लेन्स परत करण्याआधी मी प्रत्येकीच्या काचेतून टॉर्च मारून पाहिला. मुंबईच्या पावसात बुरशी काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते, आणि ती लेन्स घेतानाच पाहिलेली बरी. माझ्या स्वतःच्या लेन्स मी ४० ते ५० टक्के आर्द्रतेच्या कोरड्या कपाटात ठेवते. सिलिका जेलच्या पुड्या पावसाळ्यात आठवड्याभरात दमतात.

माहितीपटासाठी मी ३५ आणि ८५ या दोनच प्राइम घ्यायचे ठरवले आहे. ५० उत्तम लेन्स आहे, परंतु त्या कारखान्यात ५० च्या अंतरावर नेमका बांबूचा खांब येतो. मोठ्या मूर्ती मंडळांकडे निघतात त्या आगमनाच्या दिवशी मात्र मी माझी २४-७० च लावणार. लालबाग-परळच्या त्या गर्दीत लेन्स बदलायला थांबणे शक्य नाही, मूर्ती कोणासाठी थांबत नाही, आणि तिथे झूम नसणे हा अविचार ठरेल. एकट्याने, फोकस पुलरशिवाय काम करणाऱ्यांनाही मी सिने प्राइमचा आग्रह करणार नाही. ऑटोफोकस असलेली ३५ किंवा ८५ ची चांगली छायाचित्रण प्राइम त्यांना अधिक साथ देईल.

आखणीचा दिवस काका आदल्या रात्री फोन करून कळवणार आहेत. तो आधी ठरवता येत नाही, हवा किती दमट आहे आणि अंगाचा रंग किती वाळला आहे यावर तो ठरतो. त्या दिवशी ८५ टी४ वर असेल आणि कॅमेरा १ मीटर २० सेंटीमीटरवर. काकांनी स्वतःच्या स्टुलाच्या चार पायांभोवती आणि माझ्या ट्रायपॉडच्या तीन पायांभोवती उरलेल्या लाल रंगाने वर्तुळे काढून ठेवली आहेत, आणि झाडू मारताना ती पुसायची नाहीत असे मुलांना बजावून सांगितले आहे.